आटलेली लाळ आणि पांढरा थर

१८३९ साली जर्मन शल्यवैद्य बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांना तापाने दगावलेल्या एका रोग्याच्या तोंडा-घशातल्या पांढऱ्या थरात बुरशी आढळली आणि तापाचे मूळ तीच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निरीक्षण खरे होते, पण क्रम उलटा लागला होता. तापाने खंगलेल्या शरीरात बुरशी नंतर फोफावली होती. १८५३ मध्ये शार्ल रोबँ यांनी तिला 'आल्बिकान्स' म्हटले, १९२३ मध्ये क्रिस्टिन बेर्खाउट यांनी 'कँडिडा' ही प्रजाती वेगळी काढली. नावे सुधारली, तरी ती जुनी चूक पुरती गेली नाही. किरणोपचार घेणाऱ्या कर्करुग्णांच्या तोंडातली ही बुरशी औषधांना दाद देईनाशी होते, तेव्हा आपण आजही आधी बुरशीकडेच बोट दाखवतो. माझ्या मते हा इतिहास लाळेच्या बाजूने वाचायला हवा.

कँडिडा कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात निमूट राहते. लाळ तिला धुऊन काढते आणि लाळेतली हिस्टॅटिन, लायसोझाइम, लॅक्टोफेरिन ही प्रथिने तिला आवरतात. डोके-मानेच्या कर्करोगात सहसा सहा-सात आठवड्यांत मिळून किरणांची ६६ ते ७० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) मात्रा दिली जाते. कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथींना मात्र सरासरी २६ ग्रेपलीकडचा मारा सोसणे कठीण जाते. लाळ घट्ट होते, चव जाते, घास उतरत नाही. तंबाखू-सुपारीने तोंडाचे कर्करोग जिथे इतके वाढवले, त्या आपल्या मुलखात हे हाल घरोघरी ओळखीचे आहेत.

औषधांचा इतिहास खरोखर देखणा आहे. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतले जीवाणू वाढवत आणि उपयोगी वाटलेले बरण्यांत घालून टपालाने आल्बनीला पाठवत. तिथे रेचल ब्राउन त्यांतले द्रव्य वेगळे करत. व्हर्जिनियातल्या एका गोपालकाच्या शेतातल्या मातीतून निस्टॅटिन हाती लागले, १९५० मध्ये ते जाहीर झाले आणि रॉयल्टीचे सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर या दोघींनी विज्ञानाच्या कामाला दिले. १९९० च्या सुमारास फ्लुकोनाझोलची सोयीची गोळी आली. पण ती कँडिडाला बहुधा मारत नाही, फक्त तिची वाढ रोखते. उरलेले काम शरीराने करायचे असते. कोरड्या तोंडात ते करणार कोण? कँडिडाचे यीस्ट तग धरतात आणि औषधाच्या दर फेरीत त्यांतले चिवट तेवढे निवडले जातात: कुणाची पेशी औषध बाहेर उपसते, कुणात औषधाचे लक्ष्य असलेले विकरच बदलते. कँडिडाच्या क्रुसेई जातीवर तर फ्लुकोनाझोल मुळातच चालत नाही, ग्लॅब्राटावर जेमतेम चालते. आल्बिकान्स हटली की रिकामी जागा त्यांना मिळते.

याला मोठा पुरावा एड्सच्या साथीने दिला. १९९० च्या दशकात तोंडातल्या बुरशीसाठी वारंवार फ्लुकोनाझोल घेणाऱ्या रोग्यांत दाद न देणारे यीस्ट वाढले. १९९६ नंतर एचआयव्हीवरच्या संयुक्त औषधांनी प्रतिकारशक्ती सावरली, तशी ही तक्रार ओसरली. यावर कोणी म्हणेल, तिथे पेशींची प्रतिकारशक्ती ढासळली होती, इथे लाळ; तुलना कशी जमेल? कारणे वेगळी आहेत हे मान्य, पण दोन्हीकडे औषधाला शरीराची साथ उरली नव्हती आणि त्यानेच चिवट यीस्टला वेळ मिळाला. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: गिळता न येणाऱ्या माणसाला लाळेचे तत्त्वज्ञान काय उपयोगी? त्याला औषध तात्काळ द्यायलाच हवे, कारण किरणोपचारात खंड पडला तर कर्करोगालाच सवड मिळते. मात्र थर गेला नाही म्हणून नुसती मात्रा वाढवत नेण्याआधी जात कोणती आहे ते तपासावे, कवळीवर बसलेला यीस्टचा थर घासून काढावा. आणि ग्रंथी वाचवणे हातचे आहे: २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'पार्स्पोर्ट' चाचणीत जुन्या पद्धतीने किरण घेतलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांचे तोंड वर्षभरानंतरही बरेच कोरडे होते, ग्रंथी टाळून किरण दिलेल्यांत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आले.