कोपऱ्यातले आकडे : पिंग आणि फ्रेम रेट यांचा छोटा इतिहास

१/ ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतात : फ्रेम रेट आणि पिंग. पहिला खेळाडूच्या यंत्राचा वेग सांगतो, दुसरा सर्व्हरपर्यंतच्या वाटेचा. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असे हरणाऱ्याला नेहमीच ऐकवले जाते. या खेळांत मात्र अंगण खरोखरच वाकडे असू शकते. किती वाकडे, ते हे आकडे सांगतात. 🧵

२/ ‘पिंग’ हा शब्द खेळांतून आलेला नाही. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक मूस यांनी नेटवर्कमधील बिघाड शोधण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. दूरच्या संगणकाला साद घालायची आणि प्रतिसाद परतेपर्यंतचा काळ मोजायचा, एवढेच त्याचे काम. नाव ठेवले ते पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या सोनारच्या आवाजावरून.

३/ १९९३ च्या ‘डूम’मध्ये सर्व खेळाडूंचे संगणक एकाच तालात पुढे सरकत. एकाची जोडणी रेंगाळली की सगळेच रेंगाळत. खेळ संथ होई; पण उशीर सर्वांच्या वाट्याला सारखाच येई.

४/ जून १९९६ मध्ये आलेल्या ‘क्वेक’ने ही समानता मोडली. आता निर्णय एका सर्व्हरचा. खेळाडूने कळ दाबायची, ती वार्ता सर्व्हरकडे जायची आणि उत्तर परतल्यावरच पडद्यावरचे पाऊल हलायचे. सर्व्हरजवळचा खेळाडू चपळ, दूरचा जणू चिखलात चालणारा.

५/ या रचनेचे कर्ते जॉन कारमॅक यांनी ऑगस्ट १९९६ मध्ये जाहीरपणे चूक कबूल केली. आराखडा २०० मिलिसेकंदांहून कमी विलंबासाठी होता. मोडेमवर खेळणाऱ्यांना ३०० हून अधिक सोसावे लागत. कारमॅक यांच्या घरी वेगवान टी-१ जोडणी असल्याने मोडेमवाल्यांचे हाल त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

६/ त्याच डिसेंबरात ‘क्वेकवर्ल्ड’ आले. खेळाडूचा संगणक सर्व्हरची वाट न पाहता त्याच्या हालचालीचा अंदाज बांधू लागला. गुणफलकावर प्रत्येकाच्या नावाशेजारी पिंग झळकू लागला. कोणाला किती अनुकूलता आहे, हे आता उघड झाले. कमी पिंगवाल्यांना हेव्याने शेलकी नावेही मिळाली.

७/ १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’मध्ये आणि त्यावर उभ्या राहिलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये ‘नेट_ग्राफ’ ही आज्ञा होती. फ्रेम रेट, विलंब, वाटेत हरवलेली पाकिटे, तसेच मर्यादेमुळे सर्व्हरने रोखून धरलेली माहिती, असे सारे तीत दिसे. खेळाडू स्वतःच्या दुखण्याचे निदान करू लागला : दोष यंत्राचा, वाटेचा की बोटांचा?

८/ फ्रेम रेट म्हणजे केवळ चित्राचा गुळगुळीतपणा नव्हे. १९९९ च्या ‘क्वेक ३’मध्ये सेकंदाला १२५ फ्रेम, म्हणजे दर फ्रेमला नेमके ८ मिलिसेकंद, हा आकडा जाणकारांनी हेरला. प्रत्येक फ्रेमला वेगाचे पूर्णांकात रूपांतर होताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी मोजले जाई आणि उडी उंच जाई. यंत्राचा वेगच तिथे शस्त्र बनला.

९/ पुढचा पेच अधिक नाजूक. व्हॉल्व्हचे यान बर्नियर यांनी २००१ मध्ये एक तंत्र सविस्तर मांडले : गोळी सुटताच सर्व्हर काळ मागे फिरवतो आणि नेमबाजाला त्या क्षणी जे दिसत होते त्यावरून निवाडा करतो. नेमबाजाला न्याय मिळाला. पण भिंतीआड पोहोचलेला प्रतिस्पर्धी आपल्या पडद्यावर सुरक्षित असतानाही मरू लागला.

१०/ विलंब नाहीसा झाला नाही. त्याचा भार एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे गेला. तो पूर्णपणे पुसणेही अशक्य आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो; ५,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरशी जाण्या-येण्यात किमान ५० मिलिसेकंद खर्ची पडतातच. अंतर कोणी किती सोसायचे, हे मात्र खेळ रचणारा ठरवतो. कोपऱ्यातला आकडा त्या निर्णयाची खेळाडूला दिसणारी एकमेव नोंद आहे.