पिकअपचा ब्रेक आणि त्याच्या सुट्या भागांची ओळख

अमेरिकेत पिकअप ट्रक हे वाहन मोटारगाडी आणि मालवाहू ट्रक यांच्या सीमेवर घडले, आणि त्याच्या ब्रेकचे सुटे भाग ओळखण्यातला गोंधळ बव्हंशी या दुहेरी घडणीतूनच आला. एकाच नावाची, एकाच वर्षाची गाडी कोणी शेतमाल वाहण्यासाठी घेई, तर कोणी घरच्या वापरासाठी. कारखाना बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या गाड्यांना वजनमर्यादेनुसार स्प्रिंगा, आस आणि ब्रेक मात्र वेगवेगळे बसवी. त्यामुळे गाडीचे नाव व वर्ष सांगितले की भाग ठरला, हा मोटारगाड्यांच्या बाबतीत पुष्कळदा चालणारा हिशेब पिकअपपुढे अपुरा पडू लागला.

1925 मध्ये फोर्डने 281 डॉलरला विक्रीस आणलेल्या मॉडेल टी पिकअपपुरता हा प्रश्न सौम्य होता. या गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर लागतच नसे. तो गिअरपेटीतील ड्रमभोवती पट्टा आवळून गाडीचा वेग कमी करी, आणि मागच्या चाकांचे ब्रेक हाताच्या दांड्याने लागत. हे मॉडेल जवळजवळ दोन दशके बाजारात राहिले, तरी 1926 च्या सुधारित गाड्यांत मागचे ड्रम 8 इंचांऐवजी 11 इंचांचे झाले, म्हणजे सर्वांत एकजिनसी मानल्या गेलेल्या गाडीतही वर्ष विचारल्याशिवाय भाग देणे धोक्याचेच होते.

पुढे हायड्रॉलिक ब्रेक आला. पेडलचा दाब द्रवाच्या साह्याने नळ्यांतून चारही चाकांकडे नेणारी ही योजना माल्कम लॉकहीड यांची. 1921 च्या ड्यूसेनबर्ग गाडीने ती प्रथम चारही चाकांवर वापरली, तर फोर्डने मात्र 1939 पर्यंत सळ्या आणि तारांचाच आग्रह धरला. या स्थित्यंतराने मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबरी सील असे नवे सुटे भाग दुकानाच्या फळीवर आणले, आणि प्रत्येकाला स्वतःचा व्यास असल्याने चुकीच्या वाटाही तितक्याच वाढल्या.

अमेरिकन पिकअपच्या मागच्या चाकांत दीर्घकाळ टिकलेला बेंडिक्स पद्धतीचा ड्रम ब्रेक येथे थोडा तपशिलाने पाहण्याजोगा आहे. त्यात ड्रमच्या आत दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. गाडी पुढे जात असताना पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन मागच्या शूला ढकलतो, आणि अशा रीतीने चाकाची गतीच ब्रेकचा जोर वाढवते. जास्त काम मागचा शू करीत असल्यामुळे त्याचे लायनिंग, म्हणजे घर्षण करणारा थर, बहुधा अधिक लांब असते. शूमधील अंतर आपोआप राखणाऱ्या दातेरी स्क्रूचे आटे डाव्या व उजव्या चाकासाठी उलट दिशेचे असतात. अर्थात बरोबर क्रमांकाचा संच आणूनही शू पुढचा मागे बसवला किंवा स्क्रूची अदलाबदल केली, तर ब्रेक बिघडतोच. सुट्या भागाची अचूकता खोक्यावरच्या क्रमांकाशी संपते, ही समजूत त्यामुळे फार भाबडी ठरते.

या वाढत्या विविधतेला उत्तर म्हणून ओळखीची साधने निर्माण झाली. 1934 पासून हॉलंडर यांची अदलाबदल-पुस्तिका निघू लागली. कोणत्या गाडीचा कोणता भाग दुसऱ्या कोणत्या गाडीला चालतो हे ती सांगे, आणि भंगार गाड्यांच्या आवारांत तिचा मोठा उपयोग झाला. पुढे घर्षणसाहित्य बनवणाऱ्यांच्या संस्थेने डिस्क ब्रेकच्या पॅडला ‘डी’ आणि ड्रमच्या शूला ‘एस’ या अक्षराने सुरू होणारे सामाईक क्रमांक दिले. हे क्रमांक आकार सांगतात, दर्जा नव्हे; घर्षणाची प्रत कळण्यासाठी लायनिंगच्या कडेवर छापलेली दोन अक्षरे पाहावी लागतात, ज्यांतील पहिले साधारण तापमानातील आणि दुसरे तापल्यानंतरचे घर्षण दर्शवते.

1981 पासून गाड्यांना सतरा अक्षर-अंकी ओळखक्रमांक सक्तीचा झाला, तेव्हा प्रश्न मिटेल असे वाटणे स्वाभाविक होते. ट्रकच्या क्रमांकातून वजनमर्यादा आणि ब्रेक हायड्रॉलिक की हवेचा हे कळे, पण ड्रमचा व्यास कळत नसे. 1988 नंतरच्या शेव्हरोले पिकअपमध्ये मागचा ड्रम 10 इंचांचाही असे आणि 11.15 इंचांचाही, कोणता, हे हातमोजांच्या कप्प्यातील चिठ्ठीवर ‘जेबी5’, ‘जेबी6’ अशा संकेतांनी नोंदलेले असे.

अशी चिठ्ठी कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेली गाडी सांगते, आजची नव्हे. पिकअपची मागची आस सहज बदलता येते, आणि तिच्याबरोबर ब्रेकही बदलतो. विलीज जीप ही पिकअपच्याच नात्यातली. तिच्या अमेरिकी मालकांत मूळच्या 9 इंची ड्रमच्या जागी 11 इंची ब्रेक बसवण्याची पद्धत रूढ आहे, आणि तशा गाडीला मूळ पुस्तिका उघडच निरुपयोगी ठरते. अशा वेळी कारागीर चाक काढून ड्रमची आतली रुंदी व व्यास मोजतो आणि त्यावर ओतलेली कमाल व्यासाची मर्यादा वाचतो, कारण खरवडून मोठा झालेला ड्रम मूळ मापाचा समजला, तर नवे शू त्याला नीट टेकत नाहीत.