शिळाछाप, शाळापुस्तके आणि मराठीचे प्रमाण रूप

एखादे नवे यंत्र हाती आले म्हणजे शिक्षण आपोआप पालटते, ही समजूत आजची नाही. मराठी मुलखात छपाईचे यंत्र आणि शाळा यांचा पहिला संबंध ज्या रीतीने जुळून आला, त्याचा इतिहास तपासला असता ही समजूत कितपत टिकते हे पाहण्यासारखे आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकाला तर या इतिहासाकडे दुर्लक्ष करून चालणारच नाही. कारण आज जिला प्रमाण मराठी म्हणतात तिची जडणघडण बव्हंशी याच काळात झाली.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, मुद्रणकला येथे शाळेच्या आधी बरीच वर्षे येऊन पोहोचली होती. मिरजेस १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. त्याच साली श्रीरामपुरास विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण निघाले आणि १८१० मध्ये त्यांचा मराठी कोश चक्क मोडी खिळ्यांनी छापला गेला. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांचा छापखानाही दुसऱ्या दशकातच सुरू झाला होता. असे असूनही पंतोजींच्या शाळेवर या साऱ्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. मूल पूर्वीप्रमाणेच धुळपाटीवर अक्षरे गिरवीत होते, पावकी, निमकी, औटकी एका सुरात म्हणत होते, आणि पुस्तक ही वस्तू हाती न धरताच शाळा संपवून कारकुनीस लागत होते. ही शाळा निरुपयोगी होती असे मात्र समजू नये. हिशेब आणि मोडी खत यांपुरते तिचे काम ती चोख करीत असे.

१८२२ साली मुंबईत ‘हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी’ स्वतंत्रपणे स्थापन झाली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे तिचे अध्यक्ष होते. मंडळीने देशी शाळांची जी चौकशी करविली तीत चार उणिवा दाखविण्यात आल्या : पुस्तकांचा अभाव, पद्धतीचा अभाव, लायक शिक्षकांचा अभाव आणि द्रव्याचा अभाव. या चार गोष्टी एकत्र मांडल्या गेल्या यातच मंडळीच्या चिटणिसांचे, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांचे, धोरण दिसून येते. जर्व्हिस हे पेशाने इंजिनियर होते. नुसती पुस्तके छापून काम भागणार नाही, हे इंजिनियराच्या लक्षात यावे आणि पुढे कित्येक शिक्षणाधिकाऱ्यांच्या येऊ नये, हा एक योगायोगच म्हणावयाचा.

पुस्तके छापण्यासाठी जे साधन पत्करण्यात आले ते शिळाछापाचे. बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी ही युक्ती शोधून काढली होती. चुनखडीच्या घोटीव शिळेवर स्निग्ध शाईने लिहावयाचे, शिळा पाण्याने ओली करावयाची, मग रूळ फिरवला म्हणजे छापण्याची शाई केवळ लिहिलेल्या जागीच धरते. लेखकाने विशिष्ट कागदावर सुलट लिहून तो शिळेवर दाबला की उलट अक्षर काढण्याचा खटाटोपही उरत नाही. देवनागरीच्या दृष्टीने या साधनाची सोय फार मोठी होती. खिळ्यांनी छापावयाचे तर काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे मिळून शेकडो निरनिराळे खिळे पाडावे लागत. त्यांचे पोलादी ठसे कोरणारा कारागीर दुर्मिळ आणि खर्च अवाच्या सवा. शिळेला मात्र एक वळणदार हात पुरे. पोथ्या लिहून पोट भरणारा लेखक, ज्याचा धंदा छपाईने बुडावयाचा, तोच आरंभीच्या छापील शाळापुस्तकाचा अक्षरकार झाला!

परंतु शिळेवर लिहावयाचे काय, हा खरा प्रश्न होता. तो सोडविण्याचे श्रेय मंडळीच्या एतद्देशीय चिटणिसांकडे जाते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीति’ ही पुस्तके सिद्ध केली. त्यांतील गद्य बखरीचे नाही, पुराणिकाचे नाही आणि दरबारी पत्राचेही नाही. मुलाने स्वतःशी वाचावे यासाठी रचलेले मराठी गद्य तोवर जवळजवळ नव्हतेच. जर्व्हिस यांनी आपल्या इंजिनियरी शाळेसाठी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली, तेव्हा परिभाषेचीही तशीच नवी घडण करावी लागली. याच्या जोडीला मुंबईत शिकवून तयार केलेले पंतोजी १८२६ च्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविण्यात आले. पुस्तक आणि ते कसे शिकवावे हे जाणणारा माणूस अशी ही जोडी होती. पुढे १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचे काम आले तेही याच विचाराचे फळ होय. दुर्दैवाने दुसऱ्याच वर्षी ते वारले. शिळाछापाने ‘ज्ञानेश्वरी’ प्रथम छापविली तीही त्यांनीच, १८४५ साली.

भाषेच्या दृष्टीने पाहता शिळाछापाचा एक विशेष आजवर पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. प्रती निघाल्या की शिळा घासून पुन्हा कोरी करीत. नवी आवृत्ती म्हणजे नवे हस्तलेखन. त्यामुळे त्याच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, शब्दांतील अंतर यांत लेखकपरत्वे फरक पडण्यास पुष्कळ वाव राही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लेखनपद्धतीविषयी एकाच आवृत्तीवरून निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. यंत्राने एकरूपता आणली हे विधान येथे अर्धेच खरे ठरते. यंत्राने एका आवृत्तीपुरती एकरूपता आणली. आवृत्तीआवृत्तींमधील एकरूपता आली ती व्याकरणाच्या आणि खात्याच्या हुकमतीने. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून, जी भाषा पोथ्यांत एका दंडावर चालत आली होती तिला स्वल्पविरामापासून उद्गारचिन्हापर्यंत सर्व चिन्हे बहाल केली. सरकारी भाषांतरकार या नात्याने शाळापुस्तकांच्या भाषेवर कँडी यांची नजर दीर्घकाळ राहिली.

या व्यवस्थेची किंमतही मोजावी लागली. पुण्याकडील शिष्ट बोली हीच छापील शाळापुस्तकाची भाषा झाली. कोकणातील, वऱ्हाडातील, खानदेशातील मुलाला आपली घरची बोली ‘अशुद्ध’ आहे हे ज्ञान प्रथम पुस्तकानेच दिले. शिवाय बहुतेक मजकूर भाषांतरित असल्याने वाक्यरचनेत इंग्रजीची छाया शिरली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ पासून निबंधमालेत इंग्रजी वळणाच्या मराठीची जी झाडाझडती घेतली तिचे मूळ येथे आहे. त्यांचे वडील कृष्णशास्त्री याच शिक्षणखात्यात मोठ्या अधिकारावर होते, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

मात्र या किमतीचा हिशेब मांडताना १८४७ सालचा वाद विसरता येत नाही. शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा होता. जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू घेतली आणि मंडळाचे तिन्ही एतद्देशीय सभासद, जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा, त्यांच्या बाजूने उभे राहिले. मराठीत गणित, भूगोल, नीती शिकविता येते की नाही, हा प्रश्न तोवर तर्काचा उरला नव्हता. वीस-पंचवीस वर्षांची पुस्तके समोर होती. कलकत्त्यास १८३५ मध्ये इंग्रजीच्या पक्षाने जसा एकतर्फी विजय मिळविला तसा मुंबईस मिळाला नाही, याला ही पुस्तके अंशतः तरी कारण झाली असावीत असे अनुमान करण्यास जागा आहे.

राहता राहिला लिपीचा प्रश्न. छपाईमुळे मोडी मागे पडली असे सरसकट सांगितले जाते. पण शिळेला मोडी आणि बाळबोध सारखीच. खिळ्यांनीदेखील केरी यांनी मोडी छापून दाखविली होती. शाळापुस्तके मुख्यतः बाळबोधीत निघाली, कारण मंडळीने व तिच्या शास्त्र्यांनी तसे ठरविले. पंतोजींच्या शाळेत हाताला लागलेले मोडीचे वळण त्यामुळे वाचनापासून तुटले आणि लिहिण्यापुरते उरले. मुंबई सरकारने १९१७ साली कारभारातही बाळबोधीचा पुरस्कार केला. खिळ्यांचे छापखाने तोवर सर्वत्र झाले होते. तरीही मोडी वाचनाची शालेय पुस्तके विसाव्या शतकात शिरल्यावरही शिळेवरच छापली जात होती, आणि त्यांत कुलकर्ण्याच्या हातचे वळण, त्याच्या लपेटींसकट, जसेच्या तसे उतरत होते.