घसरण विश्वाची की दुर्बिणीची?

दीर्घिकांवर काम करायला आलेल्या प्रत्येकाला एक आलेख पाठच होतो. आडव्या अक्षावर विश्वाचा काळ, उभ्या अक्षावर त्या काळी तारे जन्मण्याचा दर. त्याला 'मदाऊ आलेख' म्हणतात. पण पाठ करण्याआधी तो कसा बनला ते बघूया.

डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बीण सप्तर्षीतल्या एका रिकाम्या वाटणाऱ्या चिमुकल्या जागेवर १० दिवस रोखली गेली. तिथे सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या! १९९६ साली पिएरो मदाऊ आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या दूरच्या दीर्घिकांचा अतिनील प्रकाश मोजला. अतिनीलच का? तो मुख्यतः मोठ्या, तप्त ताऱ्यांचा असतो आणि हे तारे अल्पायुषी असतात. म्हणजे ते दिसले, तर जन्म ताजा. त्याच वर्षी सायमन लिली यांच्या गटाने जवळच्या काळाचा हिशोब मांडला. दोन्ही जोडल्यावर मध्ये शिखर दिसलं, दोन्ही बाजूंना उतार.

मेख इथेच आहे. तारे धुळीच्या ढगांत जन्मतात. धूळ अतिनील प्रकाश गिळते आणि तीच ऊर्जा अवरक्तात सोडते. म्हणूनच मदाऊंनी आपले आकडे किमान मर्यादा म्हणून दिले होते. १९९८ मध्ये हवाईतल्या स्कुबा कॅमेऱ्याने तोच तुकडा ८५० मायक्रॉन तरंगलांबीत पाहिला. तिथला सर्वांत तेजस्वी स्रोत हबलच्या फोटोत दिसतच नाही! त्याचं अंतर कळायला २०१२ साल उजाडलं.

धूळ हिशोबात धरल्यावर प्राचीन काळाकडचा उतार बराच सौम्य झाला. शिखर आता सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वीचं मानतात. तेव्हाचा दर आजच्या साधारण दसपट होता.

मग शिखरानंतरची, आजच्या दिशेची घसरण? ती खरी आहे. २०२० मध्ये नारायणगावजवळच्या जीएमआरटीने सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचे क्षीण संकेत एकत्र केले. वायू भरपूर होता, पण तारे बनण्याचा वेग असा की तो १-२ अब्ज वर्षांतच संपावा. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, म्हणून दर घसरला, असा निष्कर्ष निघाला.

एकाच आलेखात दोन उतार. एक बराचसा धुळीने दाखवलेला, दुसरा विश्वाचा स्वतःचा. तुमच्या आलेखात रेष खाली गेली, की आधी विचारा: वस्तू कमी झाली, की मला दिसायची थांबली?