वडिलांची वही

आमच्या थाटीपुरातल्या घरात लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही आहे. वडिलांची. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी. शिंद्यांच्या लष्करामागून जी घराणी इकडे आली आणि इथलीच झाली, त्यांपैकी एक. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी, आणि रागावलो की दोन्ही. वडिलांना पुण्याहून टपालाने वर्तमानपत्र येई, दोन-तीन दिवसांचे शिळे. त्या शिळ्या अंकांतून ते कुस्त्यांचे निकाल वहीत उतरवून घेत. एका सालाला एक पान. पहिल्या पानावर १९५२ असे साल घातलेले आहे आणि खाली एवढेच : 'खाशाबा जाधव. हेलसिंकी. तिसरा.'

वडील स्वतः कधी लंगोट कसून आखाड्यात उतरले नाहीत. पण नोंदीच्या बाबतीत ते फार कडक. 'बरोबरीत सुटली' आणि 'सोडवली' यांत ते फरक करीत. पहिलीत दोघांचा दम संपतो, दुसरीत पंचांचा, असे त्यांचे म्हणणे. ते गेल्यावर वही माझ्याकडे आली. इतकी वर्षे मी दर साली 'महाराष्ट्र केसरी'समोर एक नाव लिहीत आलो. २०२३ च्या पानावर मात्र लेखणी अडली.

त्या एका सालात अंतिम लढती तीन झाल्या. जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे जिंकला. त्या स्पर्धेतल्या एका उपांत्य लढतीच्या गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला. मग संघटनेतल्या फुटीमुळे दोन गटांनी आपापला आखाडा मांडला. दिवाळीच्या तोंडावर पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला, आणि दिवाळी आटोपते न आटोपते तोच धाराशिवला पुन्हा शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. एकाच महिन्यात दोन गदा, दोन मिरवणुका. पान मात्र एक.

तुळशीच्या लग्नाला कऱ्हाडहून दाजी आले होते. शेजारचे दद्दा नेहमीप्रमाणे ऊस आणि चिंचा-आवळे घेऊन आले. ते मूळचे दतियाचे. पुतण्याही होता. तो मुठीला पट्ट्या बांधून बॉक्सिंग खेळतो. अक्षता पडल्या, फराळाची ताटे फिरली आणि मी वही मधे ठेवून विचारले, "नाव कोणाचे लिहू?"

पुतण्या हसायला लागला. "काका, बॉक्सिंगमध्ये हे रोजचंच आहे."

त्याचे खरे होते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जगज्जेतेपदाचे पट्टे देणाऱ्या मोठ्या संघटना चार आहेत. एकीने १९६२ साली आजचे नाव घेतले, दुसरी १९६३ साली निघाली, तिसरी १९८३ साली आणि चौथी १९८८ साली. प्रत्येकीची क्रमवारी वेगळी, आव्हानवीर वेगळा. त्यामुळे एकाच वजनात एकाच वेळी चार जगज्जेते असू शकतात. हेवीवेटमध्ये १९९९ साली लेनॉक्स लुईस निर्विवाद विजेता ठरला. त्यानंतर तसा मान मिळायला २०२४ चा मे महिना उजाडावा लागला, जेव्हा ओलेक्सांडर उसिकने टायसन फ्युरीला हरवले. मधल्या पाव शतकात जगाला विजेते भरपूर होते, विजेता नव्हता.

दद्दांना हे पटेना. "अरे भैया, जिसे कोई हरा न सका, वही बड़ा. गामा को किसने हराया?"

गामाचे नाव निघाले की दद्दांचा आवाज चढतो, आणि त्यांचा तो हक्कच आहे. गामा पुढे पतियाळाचा आणि शेवटी लाहोरचा झाला, पण लहानपणी तो दतियाच्या दरबाराच्या आश्रयाने वाढला. १९१० साली तो लंडनला गेला, तेव्हा बुटका म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात. त्याने आव्हाने दिली, डॉक्टर रोलरला लोळवले आणि मग १० सप्टेंबरला पोलंडच्या झ्बिश्कोशी त्याची गाठ पडली. झ्बिश्को मातीला चिकटून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ झुंज चालली आणि निकालाविना थांबली. पुन्हा लढायचे ठरले, पण ठरल्या दिवशी झ्बिश्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला. १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले.

दाजींनी दुधाचा पेला खाली ठेवला. "गामा थोरच. पण त्या काळी अमेरिकेचा फ्रँक गॉच जगज्जेता म्हणवत होता आणि त्या दोघांची कुस्ती झालीच नाही. मग गामा पहिला की गॉच, हे ठरवणार कोण? आमच्या खाशाबांचं तसं नाही. तिथं जगाचे मल्ल एका छपराखाली होते. जे मिळालं ते मोजून मिळालं."

गोळेश्वर कऱ्हाडच्या अगदी लगत. तेव्हा दाजींनाही हक्क आहे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. तोवर गादीवरच्या कुस्तीचे त्यांना नावही नीट ठाऊक नव्हते. सगळी मेहनत मातीतली. १९५२ साठी निवड व्हायची वेळ आली, तेव्हा गुणांत आपल्यावर अन्याय झाला म्हणून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरलढत झाली, खाशाबांनी ती मारली आणि ते संघात आले. पैशाचा प्रश्न उरला, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या इशीशी दीर्घ झुंज देऊन ते हरले आणि पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले. त्यांची बाजू मांडायला कोणी भारतीय अधिकारी तिथे नव्हता. तरीही कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले.

गावाने शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. सरकारने पोलिसात फौजदारी दिली, तीही १९५५ साली. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मरणानंतर, २००० सालचा. दिल्लीतल्या कुस्तीगृहाला त्यांचे नाव लागले २०१० साली. क्रमवारीत तिसरा आणि आठवणीत शेवटचा, अशी त्यांची दीर्घकाळ गत होती. दाजींच्या बोलण्यातली धार त्या दुखण्यातून आलेली असते.

पुतण्या इतका वेळ वही चाळत होता. त्याचे बोट २०११ वर थांबले. "नरसिंग यादव. २०११, २०१२, २०१३. काका, याच्यापुढे काही लिहिलं नाहीस?"

बैठक गप्प झाली. नरसिंगचे घराणे उत्तर प्रदेशातले, पण तो मुंबईत वाढलेला मल्ल. लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी होणारा तो पहिला. उत्तरेतून येऊन महाराष्ट्राच्या मातीत रुजण्याची वाट जुनीच आहे. १९६६ चे महाराष्ट्र केसरी दीनानाथ सिंह त्याच वाटेने आले आणि कोल्हापूरचे झाले. आम्ही उलट्या वाटेने आलेली माणसे, म्हणून वडिलांनी त्या नावाखाली रेघ ओढली आहे.

२०१५ साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलोत कांस्य मिळवून नरसिंगने भारतासाठी रिओची जागा मिळवली. सुशीलकुमार, दोन ऑलिंपिक पदकांचा धनी, म्हणाला की चाचणी लढत घ्या. १९५२ साली खाशाबांना जी मिळाली ती २०१६ साली सुशीलला मिळाली नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने जूनमध्ये त्याची याचिका फेटाळली. जागा नरसिंगची राहिली. मग २५ जून आणि ५ जुलैच्या त्याच्या नमुन्यांत मेथँडायनोन हे स्नायू वाढवणारे स्टिरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी कालवले, असे त्याने सांगितले. भारतातल्या समितीने ते मानून १ ऑगस्टला त्याला निर्दोष सोडले. जागतिक संस्थेने अपील केले आणि त्याची कुस्ती एका दिवसावर आली असताना, १८ ऑगस्टला, रिओतल्या क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. कोणी कालवल्याचा खरा पुरावा नाही, असे लवादाचे म्हणणे. आणि आढळलेले प्रमाण गोळी घेतल्यासारखे आहे, असे तज्ज्ञाचे.

"खोडून टाका ना मग," पुतण्या म्हणाला. "बॉक्सिंगमध्ये टाकतात. २००५ साली जेम्स टोनीने जॉन रुइझला हरवलं, मग चाचणीत नँड्रोलोन निघालं. निकाल रद्द, पट्टा परत रुइझला."

"रद्द झाली ती तीच लढत," दाजी म्हणाले. "आधीच्या नव्हेत. नमुने २०१६ चे. २०११ ची गदा कशी खोडणार?"

"और गामा की तो जाँच ही नहीं हुई," दद्दा हळूच म्हणाले. मला वाटते त्या रात्रीचे सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच. ऑलिंपिकमध्ये चाचण्या सुरू झाल्या १९६८ साली, स्टिरॉइडच्या १९७६ पासून. त्याआधीच्या मल्लांना आपण स्वच्छ म्हणतो तो आपला विश्वास आहे. तो बहुधा खराच असेल, कारण दूध-तूप-बदामापलीकडे त्यांना काही मिळतही नव्हते. पण विश्वास आणि नोंद या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत लिहायच्या असतात.

मला २०१२ चे पान आठवले. लंडनला योगेश्वर दत्तने कांस्य जिंकले. चार वर्षांनी जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा रौप्यपदकाचा मानकरी बेसिक कुदुखोव दोषी निघाल्याची बातमी आली. कुदुखोव २०१३ सालीच मोटार अपघातात गेला होता. योगेश्वर म्हणाला, पदक त्याच्या घरच्यांकडेच राहू द्या. पुढे तो माणूस हयात नाही म्हणून प्रकरण बंद झाले. योगेश्वरपुढे मी 'तिसरा' असेच ठेवले आहे. वर चढण्याची संधी असताना मेलेल्याच्या घरातले पदक न मागणारा माणूस कोणत्या क्रमांकाचा, हे लिहायला वहीत रकाना नाही.

मंडळी पांगल्यावर पुतण्या मागे राहिला. थोडा घुटमळला आणि त्याने पिशवीतून एक डबा काढला. जिथे तो सराव करतो तिथल्या कोणी तरी दिलेला. ताकद येते म्हणून. वरच्या चिठ्ठीवर बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, आत काय आहे तेही धड नव्हते. "सगळे घेतात, काका. नाही घेतलं तर मागे पडतो." किती दिवस घेतोस, विचारले. महिना झाला, म्हणाला.

मी त्याला भाषण दिले नाही. नरसिंगने गोळी घेतली की त्याला कोणी घातली, हे मला ठाऊक नाही आणि आता कधी कळणारही नाही. पण नियम काय आहे ते मी त्याला सांगितले : अंगात जे सापडेल त्याचा जबाब आधी खेळाडूने द्यायचा, देणारा त्या वेळी शेजारी उभा नसतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तो डबा घेऊन ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि डबा आपल्याकडेच ठेवून घेतला. पुढच्या स्पर्धेत पुतण्या पहिल्याच फेरीत हरला. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

२०२३ च्या पानावर मी तिन्ही लढती लिहिल्या, गाव आणि विजेता यांसह, आणि 'केसरी' हा शब्द तिन्हींपुढे लावला. त्या तरुणांनी कुस्त्या खऱ्याच मारल्या होत्या. फूट त्यांनी पाडलेली नव्हती. नरसिंगच्या तीन नोंदी जशाच्या तशा आहेत. २०१६ चे पान वेगळे आहे; तिथे आरोप, सुटका, अपील आणि बंदी तारखांसह लिहिली आहे, एकही विशेषण न घालता. वडिलांनी असेच केले असते, असे वाटते. दाजींना अजून वाटते की मी फार मऊ लिहिले आहे, दद्दांना वाटते फार कडक.

पुतण्याचे अजून तरी कुठल्या पानावर नाव नाही. तो सकाळी पाचला उठून मुरारकडे धावत जातो, आणि परत आल्यावर माझ्याकडे चहा मागतो.