शंकेची पाल

मंडळी, पुष्कळ दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी तीन महिने लेकाकडे न्यू जर्सीला होते. तिथे जे शिकले ते लिहायचं की नाही यावर बरेच दिवस विचार केला. कारण सांगायची आहे ती माझीच चूक.

तर झालं असं, की नातीने घरात पाल पाळली आहे! पिवळी, अंगभर काळे ठिपके, वीतभर लांब. तिकडे तिला लेपर्ड गेको म्हणतात. नातीने नाव ठेवलंय बुंदी. माझा पहिला उद्गार काय होता ते इथे लिहीत नाही. आजीला शोभणारा नव्हता.

बुंदी फार भित्री. हात दिसला की कपारीत. शेपटी हळूहळू वळवळवायची, म्हणजे घाबरल्याची खूण. नातीने पहिले दोन आठवडे तिला हातच लावला नाही. नुसती पेटीजवळ बसून अभ्यास करायची. मग रोज संध्याकाळी हात पेटीत तळाशी ठेवून स्वस्थ बसायची. ही जात दिवेलागणीला जागी होते, म्हणून संध्याकाळ. हात वरून न्यायचा नाही, कारण वरून झडप घालतो तो पक्षी. पकडायचं तर मुळीच नाही. ती आपण होऊन चढली तर चढू द्यायचं. सुरुवातीला पाचच मिनिटं, तेही पलंगावर बसून, म्हणजे पडली तरी लागत नाही. शेपटीला कधीही धरायचं नाही. भीतीने ती शेपूट टाकून देते, आणि चरबीचा साठा सगळा शेपटीतच. कात टाकत असेल तर त्या दिवशी सुट्टी. शेवटी साबणाने हात धुवायचे.

मला गंमत वाटली. पहिलीच्या वर्गात रडणाऱ्या मुलाला आम्ही बाया याहून काय वेगळं करत होतो?

इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे मूळ शोधल्याशिवाय चैन पडेना. ही ‘अमेरिकन’ पाल निघाली आपल्याच बाजूची. १८५४ साली एडवर्ड ब्लाइथ यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं. ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर होते, आणि नमुना होता पंजाबातल्या सॉल्ट रेंज डोंगरांतला. हा भाग आता पाकिस्तानात आहे. तिची सख्खी चुलत बहीण गुजरातेत आणि आपल्या महाराष्ट्रातही राहते. या जातींना पापण्या असतात. घरातल्या पालीला पापणी नसते, ती जिभेने डोळे पुसते. आणि हिच्या बोटांना भिंत धरणारी गादी नसते, त्यामुळे ही जमिनीवरच, दगडधोंड्यांत राहते.

हे वाचलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

साधारण १९८३ सालची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस. शाळेच्या आवारात दगडांच्या ढिगाखाली मुलांना एक ठिपकेवाली जाड पाल सापडली. “बाई, बाई, विषारी आहे!” मुलं ओरडली. मीही तेच ऐकत वाढलेली. शिपाईमामांना बोलावलं आणि काठीने मारायला लावली. ती पळालीसुद्धा नाही. पायांवर उंच उभी राहून शेपटी हलवत राहिली. आम्हाला वाटलं, अंगावर येतेय. बुंदीची शेपटी पाहिल्यावर कळलं, ती काय सांगत होती.

भारतातल्या एकाही पालीला विष नाही. दुधात पाल पडली तर दूध टाकायचंच, पण ते तिच्याकडे असू शकणाऱ्या साल्मोनेलासारख्या जंतूंमुळे, विषामुळे नव्हे. आणि हे कळायला न्यू जर्सीला जायची गरज नव्हती. साताऱ्यात जन्मलेले ई. एच. ऐटकन यांनी १८८३ साली ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ या पुस्तकात ‘बिसकोब्रा’ नावाच्या महाविषारी सरड्या-पालीच्या भाकडकथेची भरपूर खिल्ली उडवली होती. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. म्हणजे माझ्या चुकीच्या बरोबर शंभर वर्षं आधी!

आपला समाजही गमतीचा. तानाजीच्या घोरपडीची गोष्ट आम्ही वर्गात रंगवून सांगायचो. इतिहासकार तिला आधार नाही म्हणतात, तरी ती घोरपड आपली लाडकी. पण पाल अंगावर पडली की पंचांगातलं पल्लीपतन उघडायचं, कुठल्या अंगावर पडली त्यावर फळ बघायचं. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात तर छतावर सोनेरी-रुपेरी पाली आहेत. त्यांना हात लावला की पालीचा दोष जातो म्हणे. आम्ही १९९६ साली यात्रेला गेलो तेव्हा मी रांगेत उभी राहून हात लावून आले होते. धातूच्या पालीला भक्तिभावाने हात, आणि जिवंत पालीला काठी.

निघायच्या आदल्या दिवशी नात म्हणाली, “आजी, फक्त हात ठेव. हलू नकोस.” ठेवला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बुंदी आली, जिभेने बोट चाटलं आणि तळहातावर चढून बसली. थंड नव्हती, कोमट होती. हात कुणाचा जास्त थरथरत होता ते विचारू नका.

असो. आता मनमाडला परत आले आहे. ट्यूबलाइटमागच्या पालीवर झाडू उगारत नाही. उगाच कुणी रानातली पाल धरून आणू नका हो, ती तिथेच बरी. अनकाई-टनकाईला फिरायला जाल तेव्हा दगड उलटवलात तर पुन्हा नीट ठेवा.

त्या दिवशीची मुलं आता पन्नाशीत असतील. एखादा हे वाचत असेल तर त्याला सांगायचं आहे, की त्या दिवशीचा धडा चुकीचा होता. बाईंचं चुकलं. मुलांना-नातवंडांना बरोबर सांग.