आखावरचा भार

पिकअप घ्यायला निघालेला माणूस आमच्याकडं सल्ल्याला आला की पहिला प्रश्न इंजिनाचा असतो. ताकद किती, ॲव्हरेज काय देते, चढाला दमते का. माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी मागच्या आखाखाली वाकून बघा. इंजिन गाडी ओढतं, पण माल आखावर बसतो, आणि माझ्या दुकानात ओढून आणाव्या लागलेल्या बहुतेक गाड्या इंजिनानं नव्हे, आखाच्या आसपास काहीतरी मोडल्यानं थांबलेल्या असतात. धाराशिवच्या बाहेर, सोलापूर-धुळे हमरस्त्याला लागून माझं गाड्यांच्या आखावरचे पाटे बसवायचं दुकान आहे. वडील ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायचे. आजोबा तेरचे सुतार, ते बैलगाड्या करायचे. घरात गाडी बदलत गेली, हातातली हत्यारं बदलली, पण भार आणि रस्ता यांच्या मधली वस्तू सांभाळायचं काम तेच राहिलं.

मालवाहतुकीच्या इतिहासात आमच्या गावाचं नाव फार जुनं आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. त्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असल्याचं सांगितलं आहे. तगराहून जाडंभरडं कापड आणि तलम मलमल भडोचला जायची, आणि ती गाड्यांतून, नीट वाट नसलेल्या मुलखातून जायची, असं तो लिहितो. गावातल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू मांडलेल्या आहेत. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे, तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. पाहुणे तिच्यासमोर थांबतात, आणि थांबावं अशीच ती आहे. मला मात्र तिच्यापाशी उभं राहिलं की तिच्या काळच्या गाड्या आठवतात. तीस दिवसांच्या वाटेत किती आख मोडले असतील, वाटेत सुतार कुठं मिळाला असेल, याचा हिशेब कुणी लिहून ठेवला नाही.

आमचा मुलूख चाकाला सोपा नाही. बालाघाटाचे डोंगर, मध्येच माळ, आणि उरलेली सगळी काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस झाला की तीच जमीन चाकाला चिकटून वर येते. म्हणून पावसाळ्यात गाडी घरी आणि मालाची ने-आण पाठीवर. लमाणांच्या तांड्यांचे बैल मीठ आणि धान्य पाठीवर लादून दख्खनभर फिरत, ते याच कारणानं. पाठाळ बैल हळू चालतो, थोडं वाहतो, पण चिखलात रुतत नाही. दिवाळीनंतर वाटा वाळल्या की मग गाड्या बाहेर पडायच्या.

आजोबांचं चाक म्हणजे बाभळीचा तुंबा, त्यात बारा आरे आणि बाहेरून घेराचे सहा पुठ्ठे. ते सगळं आवळून धरायला लोखंडी धाव. धावेचा घेर मुद्दाम चाकापेक्षा बोटभर कमी ठेवायचा. मग तिच्याभोवती गोवऱ्या रचून ती लाल होईपर्यंत तापवायची. तापली की ती फुगते. सुतार आणि लोहार दोघांनी मिळून सांडशीनं ती उचलायची, चाकावर बसवायची, घणाचे ठोके द्यायचे, आणि लाकूड पेट घ्यायच्या आत घागरींनी पाणी ओतायचं. धाव आकसली की चाकाचा एकेक सांधा करकर आवाज करत बसतो. सांधे सगळीकडून एकाच वेळी बसले तर चाक पिढीभर टिकतं. एक आरा जरी सैल राहिला तरी भार शेजारच्या आऱ्यावर जातो आणि मग तोही जातो.

गाडी भरायची सुद्धा विद्या होती. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं, गळ्याखालची जोती आवळतात आणि बैल गुदमरतात. माल पुढं जास्त झाला की सगळं ओझं मानेवर येतं आणि खांदे सुजतात. म्हणून भार आखावर, पण केसभर पुढं, अशा बेतानं गाडी भरायची. आजोबा भरलेल्या गाडीचं जू हातानं उचलून बघायचे आणि एखादं पोतं पुढं किंवा मागं सरकवायला लावायचे. आज पिकअपच्या मागं काँक्रीटचा मिक्सर किंवा जनरेटरची ट्रॉली जोडून हमरस्त्यावर पळणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो. मागं ओढायच्या दोन चाकी गाडीचं नाक हुकावर थोडं जड बसलंच पाहिजे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा, असा अंदाज धरतात. नाक हलकं राहिलं तर वेग वाढला की ट्रॉली शेपूट हलवायला लागते आणि पुढची गाडीही आपल्याबरोबर फिरवते. बैल हळू चालायचा म्हणून उलाळलेली गाडी जिवावर बेतत नव्हती. साठच्या वेगात ती बेतते.

भाराचा हाच विचार आमच्या भागात एका इंग्रज इंजिनिअरनं लोखंडात उतरवला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप त्याचं नाव. बार्शी ही मोठी पेठ, पण मोठ्या रेल्वेचं स्टेशन एकवीस मैलांवर, आजच्या कुर्डुवाडीला. मधला सगळा माल बैलगाड्यांवर. कॅलथ्रॉपनं अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे सुचवली आणि १८९७ साली ती धावू लागली. हलके, स्वस्त रूळ वापरायचे तर भार एका जागी साचता कामा नये, हे त्यानं ओळखलं होतं. म्हणून इंजिनापासून वाघिणीपर्यंत कुठल्याही आखावर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही, असा नियम त्यानं केला. माल वाढला तर आख वाढवायचे, एका आखावरचं ओझं नाही. हे सगळं त्यानं आधी इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून तपासून पाहिलं होतं. 

ती गाडी १९०७ मध्ये कसबे तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. येडशी, ढोकी, तडवळे ही नावं त्या रुळांमुळं व्यापाऱ्यांच्या तोंडी बसली. धाराशिव शहराला मात्र तिनं वळसा घातला, आणि शहरात रेल्वे यायला मोठ्या रुळांपर्यंत, म्हणजे या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत थांबावं लागलं. छोट्या रेल्वेनं बैलगाडी संपली, असं लिहिण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. रेल्वे आली तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्या कमी झाल्या, पण रानातून स्टेशनापर्यंतच्या वाढल्या. माल स्टेशनला आणायला गाडीच लागायची. गाडीचा मानही टिकून होता. १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी कसबे तडवळ्याला आले, तेव्हा लोकांनी त्यांची मिरवणूक बैलगाडीतून काढली.

निजामाच्या राज्यात १९३२ पासून रेल्वे खात्याच्या मोटारबस सुरू झाल्या होत्या, पण शेतकऱ्याच्या मालाला मोटार मिळायला फार वेळ लागला. बैलगाडीत पहिला खरा बदल झाला तो रबरी टायरनं. धाव जमीन कापत जायची, टायर जमिनीवर पसरतो. त्याच बैलजोडीला जास्त माल ओढता येऊ लागला. ढोकीला तेरणा साखर कारखाना उभा राहिल्यावर उसाच्या टायरगाड्यांची रांग लागू लागली. लोखंडी आख, बेअरिंग, जुने मोटारीचे टायर. सुताराच्या हातातून गाडी वेल्डरच्या हातात गेली ती इथं. वडिलांनी वाकस-रंधा ठेवला आणि वेल्डिंगचं यंत्र घेतलं. आजोबांना ते आवडलं नव्हतं, पण लोखंडी आख कसा सरळ बसवायचा हे त्यांनीच वडिलांना दाखवलं.

मग ट्रॅक्टर आला आणि आमच्याकडं ओढण्याचं काम त्यानं कायमचं घेतलं. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अमेरिकेत फोर्डनं १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागं उघडा हौदा बसवून विकायला सुरुवात केली, आणि तिथल्या शेतकऱ्यानं पुढं त्याच जातीच्या गाडीला घोड्यांची ट्रॉली, गवताच्या गाठी, राहायची गाडी असं सगळं जोडलं. म्हणून तिकडं पिकअप निवडताना मागं किती टन ओढते हा प्रश्न पहिला. आपल्याकडं ओढायला ट्रॅक्टर होता. ऊस, खडी, मळणीयंत्र, आणि दुष्काळात पाण्याचा टँकर, हे सगळं ट्रॅक्टरच्या हुकाला. पिकअपकडून आपण वाहायचं काम घेतलं, तेही ट्रॅक्टरला जमत नाही अशा वेगानं : पहाटे सोलापूरच्या बाजारात भाजी, आठवडी बाजारात उस्मानाबादी शेळ्या, मोंढ्यावर सोयाबीन.

त्या कामाला गाड्याही एकामागून एक येत गेल्या. १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली, आणि आमच्याकडच्या पिकअपचं मूळ त्या जीपच्या सांगाड्यात आहे. पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर आली. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, त्याच सुमारास जपानी कंपन्यांशी करार केलेल्या चार गाड्याही बाजारात होत्या. त्यातली एक, ऑल्विन निस्सान, आमच्या उमरग्याहून सरळ पुढं गेलं की लागणाऱ्या जहिराबादला तयार व्हायची. तरी आमच्या खेड्यांत टिकली ती ४०७. मागं दोन्ही बाजूंना जोडटायर, सुटे भाग तालुक्याला मिळतात, आणि बिघाड झाला तर साधा मिस्त्री दुरुस्त करतो. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर सास्तूर, माकणीकडं नवी गावं उभी राहत होती, तेव्हा आमच्या दुकानात पाटे बदलायला येणाऱ्या गाड्यांत ४०७ सगळ्यात जास्त होत्या. सिमेंट आणि पत्रे घेऊन कच्च्या रस्त्यानं त्या वर्षानुवर्षं पळल्या. २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती आला आणि पाऊण टनाचा धंदा त्यानं घेतला. त्याच्या आणि ४०७ च्या मधली जागा बोलेरो पिकअपची. हल्ली तिच्यात एक हजार सातशे किलोचं मॉडेल मिळतं, आणि टाटांच्या योद्धाचं दोन टनांचंही आहे.

आता निवडीचं. वाळूचा किंवा खडीचा एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि त्याचं वजन चार टनांच्या वर जातं. अर्धा ब्रास भरला तरी दोन टनांच्या पुढं. म्हणजे सतराशे किलोच्या पिकअपमध्ये अर्धा ब्रास बसतो, मावतो, दिसायला हौदा भरलेलाही वाटत नाही, आणि तरी तो जास्तच असतो. सोयाबीनचं तसं नाही. साठ किलोचे अठ्ठावीस कट्टे घातले की जवळजवळ सतराशे किलो झाले, आणि हौदा डोळ्यांना भरलेला दिसतो. म्हणून धान्याचा शेतकरी सहसा फसत नाही, बांधकामवाला फसतो. २०१८ मध्ये सरकारनं मोठ्या ट्रकच्या चार टायरच्या एका आखाला साडेअकरा टनांची मुभा दिली. कॅलथ्रॉपच्या रेल्वेच्या आखापेक्षा दुप्पट भार आता डांबरावरून जातो. पण ती मुभा त्या मापाच्या आखाला आणि जोडटायरला आहे. पिकअपच्या मागं एकेकच टायर असतो, हे विसरून चालत नाही.

माझ्याकडं सगळ्यात जास्त मागणी होते ती पाटा वाढवून देण्याची. पाटे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. सगळ्यात वरचा लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन टोकांना डोळे. मधोमध छिद्र पाडून सेंटर बोल्ट घातलेला असतो आणि दोन यू-बोल्टांनी सगळी चवड आखाला आवळलेली असते. भार आला की कमान सपाट होते, पट्ट्या एकमेकींवर घासत सरकतात आणि धक्का त्या घासण्यात जिरतो. यू-बोल्ट सैल झाला की पाटा नेमका मधल्या छिद्रापाशी मोडतो, कारण तिथं पोलाद सगळ्यात कमी उरलेलं असतं. एक पाटा वाढवला की रिकामी गाडी मागून वर उचललेली दिसते, भरल्यावर बसत नाही, आणि मालकाला वाटतं गाडीची ताकद वाढली. वाढलेली नसते. आख तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, टायर तेच. पूर्वी पाटा बसून धोका दाखवायचा, तेही आता बंद झालं. भार पुढं सरकून सांगाड्यावर जातो आणि केबिनच्या मागच्या बाजूला चासीला तडा जातो. तिथली वेल्डिंग टिकत नाही.

म्हणून कुणी म्हणालं, “मिस्त्री, नवीन गाडी हाय, दोन-दोन पाटे घालून द्या,” की मी आधी विचारतो, “काय भरणार, अन् कुठल्या रस्त्यानं?” भाजी, दूध, शेळ्या, सोयाबीन असेल तर कंपनीचे पाटे पुरतात, फक्त पहिल्या काही भरल्या खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला सांगतो. खडी-विटांचं काम असेल तर पाटे घालत नाही, जोडटायरची गाडी बघायला सांगतो, जुनी मिळाली तरी चालेल. मागं काही ओढायचं असेल तर हूक बंपरला नव्हे, चासीला बांधून देतो, ट्रॉलीचं नाक हातानं उचलून दाखवतो आणि त्यालाही उचलायला लावतो. आणि गाडी कुठलीही घेतली तरी तिचा पाटा, बेअरिंग आणि ब्रेकचे लायनर कळंब, भूम, परंडा, उमरगा इथं दुकानात मिळतात का, ते बयाणा देण्याआधी स्वतः जाऊन विचारून ये, असं सांगतो.